‘काही नाही, ताई’

आमच्या आदिलाबादेत एकाच घरात तीन भाषा नांदतात, याचे कुणाला नवल वाटत नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा, बिदर आणि आदिलाबाद हैदराबाद राज्यातच होते. पुढे राज्ये वेगळी झाली, सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. माझी धाकटी भावजयही बिदरकडची. आमच्याशी मराठी, आईशी कन्नड आणि बाजारात मोडकीतोडकी तेलुगू बोलणारी.

तिला मुलगी झाली. माहेरचे बाणंतन आटोपून ती तीन महिन्यांनी परत आली. डिंकाचे लाडू, बाळाची मालीश, धुरी, सारे रीतसर चालले होते. पण जेवताना तिचा हात मध्येच थांबे. बाळ झोपले तरी तिचा डोळा लागत नसे. विचारले की एकच उत्तर, “काही नाही, ताई.” एकदा तिचे डोळे भरलेले पाहून मी म्हणाले, “बाळंतिणीने रडू नये, दूध आटते. आमच्या वेळी कुठे होती ही थेरं?” कॉलेजात मुलींना स्त्रियांची आत्मचरित्रे शिकवणारी मी! त्यानंतर ती माझ्यासमोर रडली नाही. मला वाटले, सावरली.

एका रात्री पाणी प्यायला उठले, तर ती अंधारात बसून आईशी हळू आवाजात फोनवर बोलत होती. माझे कन्नड जेमतेम. तरी ‘बाळाजवळ जावेसे वाटत नाही, मी वाईट आई आहे’ एवढे कळले. मला रात्रभर झोप लागली नाही.

मग वाचायला लागले. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक असते, दोन आठवड्यांत ते ओसरते. ओसरले नाही तर तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. गोव्यात म्हापशाला डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातल्या २३ माता उदास आढळल्या. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यामागची कारणे होती. शेवटचे कारण वाचून आमच्या घरातली बारशाच्या दिवशीची कुजबुज आठवली.

मी तिची माफी मागितली आणि मोबाईलवर मदतीचे एक पान उघडून दिले. तिने पाहून बाजूला ठेवले. “ताई, सगळे इंग्रजीत आहे. एका हातात बाळ, टाइप कशी करू? आणि हा फोन ह्यांच्याही हातात असतो.” तीन वाक्यांत तिने सगळ्या तज्ज्ञांना धडा दिला! अशी सोय करणाऱ्याने आधी रात्री दोन वाजता जागी असलेली बाळंतीण डोळ्यांसमोर आणावी. तिला लिहायला नको, बोलायला हवे. स्वतःच्या भाषेत हवे. नाव-गाव विचारण्याआधी ‘तू कशी आहेस’ असे विचारणारे हवे. आणि बोललेले घरात कुणाला कळू नये.

त्यातले बरेचसे एका साध्या नंबरात सापडले. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, वीस भाषांत. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही आहेत. तिने कन्नड निवडले. मी बाळाला घेऊन अंगणात गेले आणि दार ओढून घेतले. ती काय बोलली ते मी आजवर विचारलेले नाही. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडेही जावे लागले. काही महिने गेले, पण ती सावरली. मात्र बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, भास होऊ लागले किंवा स्वतःच्या, बाळाच्या जिवाचे बरेवाईट बोलू लागली, तर फोनवर न थांबता तिला तडक दवाखान्यात न्यावे.

मराठीतली बाळंतीण आणि कन्नडमधली बाणंती, शब्द किती जवळचे! दोन्हीकडे तिच्या खाण्यापिण्याची काळजी आहे. मनाचे मात्र कुणी विचारत नाही. आता मी बाळ पाहायला गेले की आधी त्याच्या आईजवळ बसते. आणि ‘काही नाही’ म्हणाली, तरी लगेच उठत नाही.