प्रेस्टनचा नळवाला

लंडनच्या युस्टन स्टेशनावरून उत्तरेकडे निघालेली आगगाडी सव्वादोन-अडीच तासांत प्रेस्टनला येते. आपली मंडळी तिथे सहसा उतरत नाहीत. त्यांना पुढची सरोवरे गाठायची असतात. आम्हीही उतरलो नसतो. पण माझा भाचा त्या गावी नोकरीला. "मामा, सरोवरं काही पळून जात नाहीत. एक दिवस आमचं गाव बघा," म्हणाला.

रिबल नदीकाठचे हे लँकेशायरमधले जुने गिरणगाव. सूत कातण्याच्या यंत्रामुळे नाव झालेला आर्कराइट १७३२ साली इथेच जन्मला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मोठा भाव आला. आता ते भोंगे कायमचे थांबले आहेत.

भाच्याने आम्हांला नेले ते थेट डीपडेलच्या फुटबॉल मैदानावर. दारातच पाण्याच्या कारंज्यात एक पुतळा : चिखलपाण्यातून घसरत चेंडूमागे झेपावणारा गडी, आणि त्याच्या दोन्ही अंगांना उसळलेले पाणी. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अगबाई, पडला की हो हा!"

"पडला नाही मामी, चेंडू घेऊन निघालाय," भाचा म्हणाला.

हा टॉम फिनी. १९५६ साली लंडनच्या एका तुडुंब भिजलेल्या मैदानावर टिपलेल्या छायाचित्रावरून २००४ साली हा पुतळा उभारला. फिनीचा जन्म १९२२ चा, याच मैदानाच्या शेजारचा. पोराच्या पायांतली जादू क्लबाने हेरली, पण वडील म्हणाले, आधी नळाचे काम पुरते शिकायचे, मग चेंडू. बाप कुठलाही असो, बोलणे तेच! पुढे महायुद्ध आले आणि फिनी सैन्यातून इजिप्तला गेला. लीगमधला पहिला सामना खेळायला त्याला १९४६ साल उजाडले; तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

मैदानाच्या कडेने धावणारा हा गडी. मूळचा डावरा, पण उजव्या बगलेवरही तितकाच तरबेज. इंग्लंडकडून ७६ सामने व ३० गोल. प्रेस्टनकडून लीगचे ४३३ सामने व १८७ गोल. एवढे असून अव्वल विभागाचे विजेतेपद नशिबी नाही! १९५३ साली आर्सेनलइतकेच गुण झाले आणि गोलांच्या सरासरीत केसभराने हुकले. १९५४ साली वेंब्लीवरचा कपाचा अंतिम सामनाही ३-२ असा गमावला. खेळत असतानाही फिनीने आपला नळदुरुस्तीचा धंदा मात्र सोडला नाही.

१९५२ साली सिसिलीतल्या पालेर्मो क्लबाने त्याला बोलावले. नुसत्या सहीचे १०,००० पौंड, शिवाय बंगला आणि मोटार. इंग्लंडात तेव्हा नामवंत खेळाडूच्याही पगाराला कायम मर्यादा. आठवड्याला वीस पौंडसुद्धा नाहीत. प्रेस्टनने नकार दिला आणि विषय संपला. करार संपला तरी क्लबाच्या संमतीवाचून खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. १९६० साली फिनी निवृत्त झाला. १९६१ च्या जानेवारीत पगाराची मर्यादा उठली. त्याच वर्षी प्रेस्टन खालच्या विभागात घसरले, ते पुन्हा वर आलेले नाही.

२०१४ साली फिनी गेला. मैदानापुढच्या रस्त्याला आज त्याचे नाव आहे. गाव त्याच्या निष्ठेच्या गोष्टी अजून सांगते.

परतताना पाऊस लागला. बसथांब्याच्या आडोशाला भाच्याने खिशातून एक कागद काढला. लंडनच्या कंपनीची नोकरी, जवळजवळ दुप्पट पगार. "मामा, हा माणूस इथंच राहिला. मी जाऊ का?"

मी जरा वेळ काहीच बोललो नाही. मग म्हटले, "अरे, तो राहिला हे खरं, पण त्याला जायची मोकळीक कुणी दिली होती? तुला आहे. गेलास तर कुणी नावं ठेवणार नाही. राहिलास, तर ते राहणं तुझं स्वतःचं असेल."

बस आली. भाच्याने कागदाची घडी घातली आणि भिजू नये म्हणून आतल्या खिशात ठेवली.