मधलीची मालिका



परवा संध्याकाळी लेकीचा बेंगळुरूहून फोन आला. "आई, इथं पाऊस पडतोय. डकसन लावूया का?" मी हात पुसले आणि टीव्हीसमोर बसले. ती तिच्या खोलीत, मी इथं सांगलीत, आणि दोघींच्या समोर एकच भाग. आमचा हा खेळ गेली काही वर्षं चालू आहे.

'रिप्लाय 1988' ही कोरियन मालिका. तिकडे 2015 च्या नोव्हेंबरपासून 2016 च्या जानेवारीपर्यंत चालली. भाग वीसच, पण एकेक भाग दीड तासाच्या आसपास! आम्ही पाहिली 2020 च्या चातुर्मासात. मंदिरं बंद, कॉलेजं बंद, तिन्ही मुलं घरात. आपली जेवणं सूर्यास्ताआधी उरकलेली, त्यामुळे संध्याकाळ केवढीतरी लांब वाटायची. मधलीनं मालिका लावली आणि खालची इंग्रजी वाक्यं ती मला मराठीत सांगू लागली.

खरं सांगते, पहिल्या भागात मी उठून जाणार होते. त्यांच्या ताटात जे दिसतं ते आपल्याला बघवत नाही. पण तेवढ्यात एक आई शेजारी वाडगं पाठवते. शेजारीण त्यात दुसरं काही घालून परत पाठवते. पोरं नुसती गल्लीत पळताहेत, या घरातून त्या घरात! सासूबाई इतका वेळ तोंड फिरवून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बघ, त्यांच्यातही भांडं रिकामं परत करत नाहीत." झालं, मी बसले ती बसलेच.

गोष्ट सोलमधल्या एका गल्लीची. पाच घरं आणि एकत्र वाढलेली पाच पोरं. मुलगी एकटी डकसन, बाकी चौघे मुलगे. वडील बँकेत, पण मित्राला जामीन राहून बुडालेले, म्हणून त्यांचं बिऱ्हाड अर्धं जमिनीखाली. 1988 च्या ऑलिंपिकमध्ये संघापुढे देशाच्या नावाची पाटी धरायला डकसनची निवड होते, देश मादागास्कर. ती महिनोन्‌महिने सराव करते आणि ऐनवेळी तो देश येतच नाही. ते ऑलिंपिक संपलं 2 ऑक्टोबरला आणि त्याच दिवशी आपल्याकडे महाभारत सुरू झालं. आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता. मी तेव्हा अकरा वर्षांची. म्हणून ती गल्ली मला परकी वाटलीच नाही.

आता प्रेमकथेचं. डकसनचा नवरा कोण, हे शेवटपर्यंत कळू देत नाहीत. समोरचा जंगह्वान मनातलं बोलत नाही. गर्दीच्या बसमध्ये तिला धक्का लागू नये म्हणून हात आडवा धरून उभा राहील, पण तोंड उघडणार नाही. दुसरा तेक, बिनआईचा. बुद्धिबळासारख्या बादुक नावाच्या खेळात मोठा खेळाडू, पण साधी कामं त्याला धड जमत नाहीत. जंगह्वान विचार करत राहतो आणि तेक हातातला सामना सोडून तिच्याकडे पोचतो. थोरली तेकच्या बाजूची, मी जंगह्वानच्या. अजूनही वाईट वाटतं मला त्याचं.

मधली मात्र या भांडणात पडली नाही. तिची मालिका पहिल्या भागातच झाली होती.

डकसन मधली मुलगी. थोरल्या बहिणीचा वाढदिवस तिच्या आधी काही दिवस येतो, म्हणून घरचे एकाच केकवर दोघींचं उरकतात. त्या वर्षी ती रडत सुटते. ताई बोरा, म्हणजे जांभळा रंग. धाकटा नोउल, म्हणजे संध्याकाळची लाली. मग मलाच का डकसन, असं विचारते. ताटातलं चांगलंचुंगलं त्या दोघांना, मला का नाही, असंही विचारते. रात्री वडील गल्लीत छोटा केक घेऊन तिची वाट बघतात आणि तिची माफी मागतात. बाप होणं आपल्यालाही नवीनच आहे, असं तिला समजावतात.

मी डोळे पुसत होते. मधली टीव्हीकडेच बघत म्हणाली, "तिला नाव तरी आहे. मला तुम्ही सगळे मधलीच म्हणता."

कुणी काही बोललं नाही. मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि तिथंच उभी राहिले. ताईची पुस्तकं, ताईचे फ्रॉक, हे सगळं तिला मीच दिलं होतं. थोरलीला पुरणपोळी आवडते म्हणून सणाला पुरण. धाकट्याला श्रीखंड. आणि हिला? मला आठवेना. वीस वर्षांची लेक, आणि आईला तिची आवड माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी विचारलं. म्हणाली, "सांजोरी. पण तू आजीसाठी करतेस ना, म्हणून मागितली नाही."

त्या वर्षी क्षमावाणीला देवळात जाता आलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'उत्तम क्षमा' पाठवत होते, शंभरेक जणांना तरी. पाठवता पाठवता थांबले. उठून तिच्या खोलीत गेले, तिला नावानं हाक मारली आणि हात जोडून क्षमा मागितली. ती आधी हसली, मग गळ्यात पडून रडली.

सगळं लगेच सुधारलं असं नाही. माझ्या तोंडून अजून 'मधली' निघतंच, आज इथं लिहितानासुद्धा किती वेळा निघालं बघा! मग ती म्हणते, "आई, एक सांजोरी दंड." गेल्या दिवाळीला तिच्या डब्यात बारा भरल्या होत्या.

शेवटच्या भागात ती गल्ली रिकामी होते. घरं पाडायची असतात, एकेक कुटुंब निघून जातं. परवा तोच भाग लागला होता. फोनवर दोघी गप्प होतो. संपल्यावर ती म्हणाली, "आई, परत पहिल्यापासून लावूया?"

लावला. दिवाणखान्यात एकटीच होते, पण मजा आली.

तुमच्याही घरात एखादी मधली असेल. तिला काय आवडतं, आठवतंय का बघा. मला कळवा.