बोंडलं

"रडणं आणि दूध पिणं मुलाला शिकवावं लागत नाही," असं आजी नेहमी म्हणे. मलाही ते खरंच वाटे. २०२४ च्या श्रावणात ताई दोन महिने आधीच बाळंत झाली आणि आमचा तो समज मोडला.

एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ, वजन जेमतेम १२५० ग्रॅम. काचेच्या पेटीत निजलेलं. नाकातून पोटात गेलेली बारीक नळी, आणि तिच्यातून दर दोन तासांनी ताईचं दूध; आरंभी अवघं २ मिलिलिटर. ताई दूध काढून देई आणि डोळे पुसत म्हणे, "बाळ मला ओळखतच नाही गं." घरी कुजबुज निराळीच: "पोर आळशी आहे," "आईलाच दूध नसेल."

शेवटी डॉक्टरबाईंनी समजावलं. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं, या तिन्हींचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर ओढण्याचा नुसता सराव द्यायचा. म्हणून नळीतून दूध जात असताना ताई बाळाला रिकाम्या स्तनाशी धरी. एरवी उघड्या छातीशी बांधून ठेवी. ही कांगारूची रीत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, हे मला तिथंच कळलं.

दोन आठवड्यांनी आजीनं ट्रंकेतलं चांदीचं बोंडलं काढून दिलं. सिस्टरनी ते उकळून घेतलं. एका दुपारी ताईचा डोळा लागला होता, म्हणून मी बोंडलं हाती घेतलं. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. घाईनं ते जरा जास्तच कलतं केलं. बाळ ठसकलं, ओठ निळे पडले. सिस्टरनी धावत येऊन त्याला कुशीवर वळवलं, पाठ चोळली. ते रडलं, तेव्हा कुठं माझा जीव खाली पडला.

सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दूध आपण ओतायचं नाही. ओठाला टेकवायचं, घोट त्यानं घ्यायचा. मग थांबायचं, त्याला श्वास घेऊ द्यायचा."

पस्तिसाव्या आठवड्यात एका पहाटे बाळानं ताईच्या अंगावर चार वेळा ओढलं, थांबलं, श्वास घेतला, पुन्हा ओढलं. ताई पुतळ्यासारखी बसून होती. आजी हळूच म्हणाली, "शिकलं हो पोर!"

आता कुणाबद्दल "एवढं साधं कसं जमत नाही?" असं तोंडाशी आलं, की मला ते निळे ओठ आठवतात. मग मी थांबते.