धोट्याला तोंड कुणाचे?

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले गेले की मजुरी कामगाराच्या उत्पादकतेवर ठरते. आम्ही ते पाठ केले, मार्कही मिळवले. मग मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते आमच्या आजोबांच्या पिढीला बंद का होते? बॉबिन बदलताना धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. बस, एवढेच कारण! हात किती चालतो हे कुणी तपासलेच नाही. कमी मजुरीच्या खात्यात ढकलायचे आणि त्यालाच उत्पादकता म्हणायचे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी तो नाइलाजाने मागण्यांत घेतला. वर्गलढ्याच्या पोथीतही धोटा नव्हताच.