सातवीनंतरची शाळा

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात प्राथमिक शिक्षण मुख्यतः जिल्हा परिषदेकडे आणि माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी शिक्षणसंस्थांकडे असल्यामुळे, सातवीपर्यंतच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाची इयत्ता बदलते त्याच वेळी शाळा चालवणारी यंत्रणाही बदलते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी खेडोपाडी हायस्कुले काढली, आणि पुढे अनुदानित शाळांची व्यवस्था रूढ झाली, म्हणजे शाळा संस्थेने चालवायची व मान्य पदांवरील शिक्षकांचे वेतन शासनाने द्यायचे. प्रस्तुत लेखिकेची मुलगी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेतून सातवी उत्तीर्ण झाली, तेव्हा कुटुंबापुढे तीन पर्याय होते: शेजारच्या गावातील अनुदानित मराठी माध्यमाचे हायस्कूल, तालुक्याच्या ठिकाणची अनुदानित सेमी-इंग्रजी शाळा आणि केवळ शुल्कावर चालणारी, म्हणजे स्वयंअर्थसहाय्यित, इंग्रजी माध्यमाची शाळा.

नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी पुढे केलेला पहिला निकष दहावीच्या निकालाचा होता. तो टाळण्याजोगा नसला, तरी त्याचे वाचन काळजीपूर्वक करावे लागते, कारण दहावीचा निकाल परीक्षेस बसलेल्यांचा असतो, आठवीत दाखल झालेल्यांचा नसतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीत मागे पडलेल्या मुलाच्या पालकांना काही शाळा दाखला काढून नेण्याचा सल्ला देतात, आणि ते मूल पुढे ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून, दहावीला बसते. अशा मुलाचे अपयश पहिल्या शाळेच्या निकालात कोठेही दिसत नाही, आणि ज्या मुलाला शाळेची सर्वाधिक गरज असते तेच बाहेर पडते, ही गोष्ट लेखिकेला आजही अस्वस्थ करते. म्हणून तिन्ही शाळांत तिने एकच प्रश्न प्रथम विचारला: तीन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुले होती आणि त्यांपैकी यंदा दहावीला याच शाळेतून किती बसली? एका शाळेने ही माहिती देण्याचे टाळले, आणि तो पर्याय तेथेच मागे पडला. ती इंग्रजी माध्यमाची शाळा होती.

दुसरा निकष शिक्षकांचा. अनुदानित शाळेतील शिक्षकांची पदे ‘संचमान्यते’ने ठरतात, म्हणजे पटावरील विद्यार्थिसंख्येनुसार शासन दरवर्षी पदे मंजूर करते, मात्र मंजूर पद आणि वर्गात उभा असलेला शिक्षक यांत अंतर पडू शकते, कारण निवृत्तीनंतर रिक्त झालेले पद भरले जाईपर्यंत तो विषय तासिका तत्त्वावर, म्हणजे प्रत्यक्ष घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळणाऱ्या शिक्षकाकडे, किंवा दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाकडे जातो. गणिताच्या बाबतीत हे विशेष जाणवते, कारण आठवीपर्यंत एका पुस्तकात असलेला विषय नववीपासून बीजगणित व भूमिती अशा दोन भागांत शिकवला जातो. शिवाय दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवर, ५०० गुणांतून काढली जात असल्याने गणितातील दुबळेपणा एकूण टक्केवारीत झाकला जाऊ शकतो. शेजारच्या गावातील हायस्कुलात गणित व विज्ञान यांसाठी कायम शिक्षक होते आणि त्यांच्या निवृत्तीस अवधी होता. तालुक्याच्या शाळेत गणिताचे पद रिक्त होते.

आर्थिक बाजू थोडक्यात सांगता येईल. आठवीत घेतली जाणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. परंतु ही परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांसाठी असल्याने, विनाअनुदानित शाळा निवडणाऱ्या पात्र कुटुंबाची ही संधी प्रवेशाच्या दिवशीच संपते, आणि हे प्रवेशाच्या वेळी सहसा कोणी सांगत नाही.

प्रवासाचा प्रश्न मात्र मुलगी असल्यामुळे अधिक नाजूक ठरला. ग्रामीण विद्यार्थिनींना एसटीचा मोफत पास मिळतो हे खरे; तरीही दहावीचे जादा तास सुटण्याची वेळ आणि गावाकडे येणारी शेवटची गाडी यांचा मेळ तालुक्याच्या शाळेत बसत नव्हता. शेजारचे हायस्कूल सायकलच्या अंतरावर होते आणि गावातील इतर मुलीही त्याच रस्त्याने जात होत्या. शाळा पाहण्यास मुलगी सोबत असताना तिने मुख्याध्यापकांना मुलींच्या स्वच्छतागृहात दिवसभर पाणी असते का, असे विचारले. सर तिला थेट तेथे घेऊन गेले. नळाला पाणी होते.

प्रवेश त्याच हायस्कुलात झाला. त्यामुळे सेमी-इंग्रजीचा, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकण्याचा, पर्याय सुटला, आणि अकरावीला विज्ञान शाखा घेतल्यास भाषेचा अडथळा येईल ही नातेवाइकांची चिंता निराधार नव्हती. संकल्पना मायबोलीतून पक्की झाल्यास परिभाषा नंतर आत्मसात करता येते, असे लेखिकेचे मत आहे; बालभारतीच्या मराठी विज्ञानपुस्तकांत अनेक पारिभाषिक शब्दांपुढे इंग्रजी प्रतिशब्द दिलेले असतात आणि मुलगी ते वेगळ्या वहीत उतरवून ठेवते. अकरावीत ते पुरतील की नाही, हे अजून ठरायचे आहे.