वेगाचा मोह आणि घरचा हिशेब

गृहस्थाच्या आयुष्यांत खरेदीचे प्रसंग दोन प्रकारचे येतात. पहिल्या प्रकारांत गरज आधीं उत्पन्न होते आणि मग आपण बाजार पाहतों. दुसऱ्या प्रकारांत वस्तु आधीं दृष्टीस पडते आणि मग तिच्यासाठीं गरज शोधावी लागते. तांदूळ, पंचे, मुलांच्या वह्या हीं पहिल्या प्रकारचीं उदाहरणें होत. दुसऱ्या प्रकारचें एक उदाहरण आमच्या बिबवेवाडीच्या घरांत २०२३ सालीं उपस्थित झालें. आणि त्याचा विचार करतांना मला अंकगणित, अलीकडचा इतिहास व महाभारत या तिहींचें साहाय्य घ्यावें लागलें. हा प्रश्न आज ना उद्यां वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं येणारा आहे, म्हणून तो येथें सविस्तर मांडतों.

माझे चिरंजीव हिंजवडीस संगणकाच्या एका कंपनींत नोकरीस आहेत. सूनबाईही मिळवत्या आहेत. घरांत आम्ही दोघें, तीं दोघें आणि पांच वर्षांची नात अशीं पांच माणसें. राहत्या घराचें कर्ज अद्याप फिटावयाचें आहे. तथापि दहा वर्षांच्या काटकसरीनें त्या दोघांनीं पस्तीस लाख रुपये बाजूस टाकले होते. अशा स्थितींत त्या वर्षीं मे महिन्यांत बी. एम. डब्ल्यू. कंपनीची झेड-४ ही स्पोर्ट्‌स कार नवें रूप धारण करून हिंदुस्थानच्या बाजारांत आली, आणि चिरंजीवांनीं एके रात्रीं जेवणानंतर विचारलें, “बाबा, घ्यावी असें फार मनांत आहे. तुमचें मत काय?”

‘भलतेंच काय!’ हें उत्तर वडीलधाऱ्यांच्या जिभेवर नेहमींच तयार असतें. पण एखादा पस्तिशीचा कर्ता मुलगा बापाचें मत विचारतो, तेव्हां तो मत विचारत नसून विचार करावयास सोबती मागत असतो. म्हणून मीं त्यास म्हटलें, “अरे, आधीं पाटी-पेन्सिल घेऊन बसूं, मग मत.”

प्रथम त्या वाहनाचे गुण लिहिले. तीन लिटरचें सहा सिलिंडरांचें इंजिन, ३४० अश्वशक्ति, उभ्या स्थितींतून ताशीं १०० किलोमीटरचा वेग साडेचार सेकंदांत, कमाल वेग ताशीं २५०, आणि कापडी छप्पर असें कीं दहा सेकंदांत आपोआप मिटावें. मोटार सुंदर आहे हें मीं मोकळेपणीं मान्य केलें. शिल्पांत आपण सौंदर्य पाहतों, तें लोखंडांत पाहूं नये असा कोठें नियम नाहीं.

मग किंमत लिहिली. नव्या रूपांत आलेल्या या गाडीची शो-रूममधील किंमत ८९ लाख ३० हजार रुपये होती. हीच गाडी, याच शक्तीच्या इंजिनासह, २०१९ सालीं ७८ लाख ९० हजारांस मिळत होती. मधल्या काळांत पुढची जाळी बदलली, दिवे बदलले, चाकें सजलीं. इंजिनाची शक्ति मात्र तीच राहिली. वाढलेले सव्वादहा-साडेदहा लाख केवळ मुखवट्याचे होते असें मी म्हणणार नाहीं, कारण चलनाचा भाव आणि मालाचा खर्च यांचाही त्यांत वांटा असतो. परंतु ‘नवें’ या शब्दासाठीं आपण नक्की काय देतों, हें ग्राहकानें वेगळें काढून पाहावें हें खरें.

पुढें कर. परदेशांत तयार होऊन येणाऱ्या महाग मोटारींवर त्या वर्षीं शेंकडा १०० जकात होती. म्हणजे या किंमतींत मोटारीच्या बरोबरीनें सरकारचाही मोठा भाग होता. त्याशिवाय नोंदणीचा राज्यकर निराळाच. वीस लाखांवरील पेट्रोलच्या खाजगी गाडीस महाराष्ट्रांत शेंकडा १३ कर होता. आयात गाडीस त्याहून अधिक. कमी दर धरला तरी ११ लाख ६० हजार झाले. बेरीज १ कोटी ९० हजार. आणि विमा अजून बाकीच.

सत्तर लाख कर्ज काढावें असा चिरंजीवांचा बेत होता. शेंकडा ९ व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारें १ लाख १२ हजार ६०० रुपये येतो. सात वर्षांत एकूण फेड साडेचौऱ्याण्णव लाखांची, पैकीं साडेचोवीस लाख निव्वळ व्याज. गाडी केवळ रविवारीं काढावयाची असें ठरलें होतें. तेव्हां तो हप्ता वर्षाच्या ५२ रविवारांवर वांटला. प्रत्येक रविवार सुमारें २६ हजारांस पडला! विम्याच्या कोष्टकाप्रमाणें मोटारीची मानीव किंमत पहिल्या सहा महिन्यांनंतर शेंकडा १५ आणि पांचवें वर्ष भरतां भरतां शेंकडा ५० उतरलेली धरतात. म्हणजे वस्तु अर्धी होते आणि हप्ता पूर्णच राहतो.

किंमतीनंतर उपयुक्ततेचा विचार. गाडीचा तळ जमिनीपासून सुमारें ११४ मिलिमीटर उंच. रस्त्यांवरील गतिरोधकाची प्रमाण उंची, इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मापाप्रमाणें, १०० मिलिमीटर. शास्त्राप्रमाणें चौदा मिलिमीटर शिल्लक राहतात. पण गल्लोगल्लीं जे गतिरोधक रातोरात उगवतात, ते शास्त्र पाहून उगवत नाहींत. बिबवेवाडी टेंकडीच्या उतारावर वसलेली. गंगाधाम चौकाकडून वर येणारा चढ, मार्केट यार्डाकडे जाणारे मालट्रक, पावसाळ्यांतले खड्डे हे सारे डोळ्यांसमोर आणले, म्हणजे गुळगुळीत रस्त्यासाठीं घडविलेलें तें वाहन येथें किती संकोचून चालेल याची कल्पना येते. वाहतुकीचें मापन करणाऱ्या टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२४ च्या तक्त्यांत पुणें जगांत चौथ्या क्रमांकाचें संथ शहर ठरलें. दहा किलोमीटरांस सरासरी ३३ मिनिटें २२ सेकंद. हा वेग ताशीं १८ किलोमीटर होतो. एके काळीं हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. सायकल याहून फारशी मागें पडत नसे. मुंबईच्या द्रुतगति मार्गावर गेलें तरी सपाट भागांत ताशीं १०० ची मर्यादा आहेच. म्हणजे साडेचार सेकंदांत सारा कायदेशीर आनंद संपून जावयाचा.

महाराष्ट्राच्या परिसरांत असें वाहन घडविण्याचे यत्नही झाले, तेही आम्हीं तपासले. गोव्यांत १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म नांवाची दोन आसनांची उघडी मोटार निघाली. रेनोचें लहानसें बाराशें सी. सी. चें इंजिन तिला होतें. पुढें अवंती ही गाडी २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत झळकली. टाटांनीं २०१७ च्या मार्चमध्यें जिनिव्हा येथें रेसमो दाखविली. ती विक्रीस आलीच नाहीं. तिन्ही यत्नांमागें कल्पकता होती. परंतु आपल्याकडील ग्राहक पैसे मोजतांना माणसें किती बसतील, सामान किती मावेल आणि सुटे भाग कोठें मिळतील हे तीन प्रश्न विचारतो, आणि स्पोर्ट्‌स कार जात्याच या तिन्ही प्रश्नांना तोंड फिरविते. यांत ग्राहकाची अरसिकता नाहीं. एकच वाहन घेऊं शकणाऱ्या घराचें तें शहाणपण आहे.

येथवर सारें गणित एका बाजूचें झालें. पण दुसरी बाजू न मांडणें हा अन्याय होईल. आमच्या पिढीनें स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहिली. नंबर लागे तोंवर ज्या वयांत वारा अंगावर घ्यावा तें वय निघून गेलेलें असे, आणि स्कूटरवर मागें भाजीची पिशवी बसे. ‘पुढें पाहूं’ म्हणत म्हणत ज्यांचे पाय थकले असे माझे किती तरी सोबती मला ठाऊक आहेत. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चार पुरुषार्थांत कामासही आसन दिलेलें आहे. त्यास उंबऱ्याबाहेर उभें करण्याचा अधिकार हिशेबाच्या वहीस नाहीं. म्हणून मुलाच्या इच्छेस मीं चैन म्हटलें नाहीं. इच्छा खरी होती. प्रश्न होता तो तिच्या मार्गाचा.

या ठिकाणीं मला नलोपाख्यान आठवलें. अयोध्येच्या ऋतुपर्ण राजास एका दिवसांत विदर्भांतील कुंडिनपुरास पोंचावयाचें होतें. बाहुकाच्या रूपांतील नलानें धष्टपुष्ट घोडे सोडून हाडकुळे दिसणारे घोडे निवडले. राजा रागावला, पण नलाची नजर रूपावर नव्हती, लक्षणांवर होती. रथ असा धांवला कीं राजाचें उत्तरीय खालीं पडलें, तें उचलावयास थांब म्हणेपर्यंत एक योजन मागें पडलें होतें. वाटेंत बेहड्याचें झाड लागलें. राजानें त्याचीं पानें व फळें नुसत्या दृष्टीनें मोजून सांगितलीं. नलानें तितक्या घाईंतही रथ थांबविला, झाड पाडून मोजणी केली आणि ती बरोबर ठरली. तेव्हां वेगाची विद्या देण्याच्या बोलीवर त्यानें गणनेची विद्या घेतली. आणि ती प्राप्त होतांच त्याच्या शरीरांत दडलेला कलि बाहेर पडला. महाभारतकारांनीं येथें केवढें मर्म ठेविलें आहे! नलास वेग आधींच येत होता, तरी कलि त्याच्या अंगांत होता. मोजणी आली, तेव्हां तो गेला.

हें मर्म आमच्या शहरास पुढें फार कटु रीतीनें पटलें. १९ मे २०२४ च्या पहांटे कल्याणीनगरांत एका अल्पवयीन मुलानें भरधांव चालविलेल्या पोर्शे गाडीखालीं दोन तरुण इंजिनिअर प्राणास मुकले. कोट्यवधींच्या त्या गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. सतराशें अठ्ठावन्न रुपयांची फी भरावयाची राहिली होती. त्या मुलास प्रथम जामीन देतांना अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, आणि त्यावर देशभर संताप उसळला. मीं आयुष्यभर मुलांकडून निबंध लिहवून घेतले. निबंधाचें सामर्थ्य किती आणि मर्यादा किती, हें त्या दिवशीं वर्तमानपत्र वाचतांना मला जितकें कळलें, तितकें पूर्वीं कधीं कळलें नव्हतें. ज्या घरांत वेग विकत घेतला जातो, त्या घरांत कुणी तरी झाडाचीं पानें मोजणारा असावा लागतो.

आमच्या घरीं निर्णय झाला तो माझ्या अंकगणितानें नव्हे. सूनबाईंनीं सारी पाटी शांतपणें वाचली आणि एवढेंच विचारलें, “बाबा, हिशेब सगळा बरोबर आहे. पण गाडींत जागा दोन आणि घरांत आपण पांच. दर रविवारीं घरीं राहावयाचें तें कुणीं?” कोणी उत्तर दिलें नाहीं. नात तेवढी म्हणाली कीं ती बाबांच्या मांडीवर बसेल.

चिरंजीव दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं पस्तिसांपैकीं वीस लाख घराच्या कर्जांत भरावयाचे आणि बाकीचे नातीच्या शिक्षणासाठीं तसेच ठेवावयाचे असें ठरविलें. वेगाची इच्छा मात्र त्यांनीं सोडली नाहीं. कोइमतुरास शर्यतीचा बंदिस्त मार्ग आहे. तेथें फी देऊन शिकतां येतें. वर्षांतून एकदां ते तिकडे जातात, शिरस्त्राण घालून गुरूच्या देखरेखीखालीं मनसोक्त गाडी चालवितात, आणि परत येऊन आमच्या पांच आसनांच्या साध्या मोटारींतून सर्वांस आळंदीस नेतात. आतां ते वळणावर अधिक जपून चालवितात असें माझी पत्नी म्हणते. आणि तिच्या गुडघ्यांस गाडीचा प्रत्येक धक्का कळतो, म्हणून तिची साक्ष मी प्रमाण मानतों.

झेड-४ चा विषय कधीं निघाला तर चिरंजीव अजूनही हंसून “पाहूं” म्हणतात. त्या ‘पाहूं’स माझी हरकत नाहीं. कर्ज फिटल्यावर, नात शिकून बाहेर पडल्यावर, स्वतःच्या शिलकेंतून त्यांनीं तशी गाडी घेतली, तर मी हयात असल्यास शेजारच्या आसनावर बसेन. तोंवर एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं ज्या रथांतून नल विदर्भास धांवला, तो रथ आणि ते घोडे परक्याचे होते. त्याचें स्वतःचें असें त्याच्याजवळ होतें तें केवळ कौशल्य. आणि तें नेण्यास कर्ज लागत नाहीं, जकात पडत नाहीं, पांच वर्षांनीं त्याची किंमतही निम्मी होत नाहीं.