खुरपं गेल्यावर कोयताच का उरावा?

आष्टी तालुक्यात तूर, उडीद, हरभरा कोणाच्याही रानात असो, तण काढायला वाकतात त्या आमच्या आया-बहिणी. आमच्यापैकी कितीतरी जणांच्या वह्या-पुस्तकांना खुरपणीच्या रोजाचे पैसे लागले. म्हणून तणनाशक सोसणारा हरभरा हा आमच्यासाठी फक्त शेतीतला विषय नाही.

आधी विज्ञान समजून घेऊ. सोयाबीनवर मारतात ते इमॅझेथापायर हरभऱ्याला सोसत नाही. हे औषध वनस्पतीतल्या एएचएएस या विकराला अडवतं. हरभऱ्यात या विकराच्या जनुकात एकच अक्षर बदललं, ‘सी’च्या जागी ‘टी’ आलं, की रोप तगतं. ते अक्षर ओळखणारी खूण म्हणजे जनुकीय मार्कर. पानाचा तुकडा तपासला की कळतं. फवारून बघावं लागत नाही. यात बाहेरचं जनुक घातलेलं नसतं, म्हणून जीएम पिकांची मंजुरी लागत नाही. भातात हे घडलंय: २०२१ साली पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे वाण आले. म्हणजे मंजुरीच्या निमित्ताने होणारी चर्चाही नाही. मजुराला विचारणार कोण?

आमचा विरोध विज्ञानाला नाही. दिवसभर उकिडवं बसून कंबर मोडून घेण्यात कसलाही गौरव नाही. बाबासाहेबांनी गांधीवादाचा समाचार घेताना यंत्राची बाजू घेतली होती. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा, हे त्यांनी बजावलं होतं.

इथेही तेच आहे. वाचलेली मजुरी जमीनवाल्याकडे आणि बियाणं-औषधवाल्याकडे जाणार. बाईचा रोज बुडणार आणि पंप मजुराच्याच पाठीवर येणार. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध वेगळं असेल, पण उघड्या हातांनी फवारणारा माणूस तोच. आणि बीड जिल्ह्यात खुरपं सुटलं की हाती येतो तो ऊसतोडीचा कोयता.

म्हणून वाण येण्याआधी बुडणाऱ्या रोजाचा हिशेब मांडा. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने गावातच काम द्या. गायरान कसणाऱ्यांच्या नावावर करा. ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये बाबासाहेबांनी १९४७ सालीच भूमिहीन मजूर नसलेली शेती मांडली होती. बियाण्यातलं एक अक्षर बदलायला प्रयोगशाळा आहेत. सातबाऱ्यावरची नावं बदलायला चळवळच लागेल.

जय भीम!